वाळवी न लागलेले अंक

एप्रिल संपत आला की रद्दीवाल्याची हातगाडी जड होते. परीक्षा आटोपलेल्या असतात. घराघरांतून वर्षभराच्या वह्या, गाईडं, शाईने बरबटलेले नकाशे बाहेर पडतात, आणि त्यांच्याखाली दडपलेला, कुणाच्या तरी मोठ्या भावाने कधीकाळी गादीखाली लपवलेला एखादा रहस्यकथांचा अंकही बाहेर पडतो. इंदूरच्या उन्हाळ्याबद्दल लोक पुष्कळ बोलतात. केरीचं पन्हं, दुपारची लू, दिवस कलल्यावर सुटणारा तो मोकळा वारा. माझा उन्हाळा त्या हातगाडीवर यायचा. आता पंचाहत्तरी उलटली, तरी गल्लीत आरोळी ऐकू आली की माझे पाय आपोआप चपला शोधू लागतात.

यंदा मी उठलो नाही. का उठलो नाही ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात जुन्या मासिकांचं आणि चित्रकथांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं. मंडळाचं काम पाहणारी तन्वी नावाची मुलगी माझं कपाट बघायला घरी आली. जमिनीवर मांडी घालून तिने एकेक अंक काढला, फोटो घेतले, आणि शेवटी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी तिला खाण दाखवली आहे.

"काका, पूरा सेट आहे हा! एकही अंक मिसिंग नाही. लोक एकेकासाठी वर्षानुवर्षं भटकतात. तुम्ही कसं जमवलंत?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. चिकाटी, म्हणालो. थोडं नशीब, म्हणालो. मंडळाच्या एका जुन्या स्मरणिकेत मी याच विषयावर एक लेखही लिहिला होता, आणि त्याचं कौतुकही झालं होतं. त्यातही चिकाटी आणि नशीबच होतं.

दोन दिवसांनी तन्वीने प्रदर्शनात ठेवायच्या कार्डाचा मजकूर फोनवर पाठवला. 'संपूर्ण संच. संग्राहक व जतनकर्ते', आणि खाली माझं नाव. मी ते कार्ड सकाळभर पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. त्या संचातला अर्धा भाग माझा नाही. तो सुखदेवचा आहे. आणि तो माझ्याकडे कसा आला, हे मी आजवर कुणालाही खरं सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही.

सुखदेव मिलच्या विणाईखात्यात कामाला होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी तेव्हा सरकारी कचेरीत नवा कारकून लागलो होतो. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, होळकरांच्या दगडी समाध्यांच्या सावलीत, रविवारी जुनी पुस्तकं पसरून बसणारे असत. तिथे एका सकाळी आम्ही दोघांनी एकाच अंकाची दोन टोकं पकडली.

"भिया, फाटेल," तो इंदुरी थाटात म्हणाला. "एक तर तू सोड, नाहीतर मी."

"मग तू सोड."

"मी कशाला? मी तर सल्ला दिला."

पुस्तकवाला हसून म्हणाला, "दोनों मिलके ले लो, और घर जाके लड़ते रहना." आम्ही खरंच तसं केलं, आणि भांडण मात्र राहून गेलं.

ते एक हिंदी मासिक होतं, रहस्यकथांचं. मधल्या पानांत चित्रकथा असायची. त्याची खोड अशी की प्रत्येक गोष्ट दोन अंकांत पुरी व्हायची. विषम अंकात खून, सम अंकात खुनी. विषम अंक नेहमी अशा जागी संपायचा की कुणीतरी दार उघडतं आहे आणि आतल्या माणसाचा चेहरा पडतो आहे. दोघांनाही सगळे अंक घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून आम्ही वाटणी केली. विषम अंक सुखदेवने घ्यायचे, सम मी. वाचायचे दोघांनी, ठेवायचे ज्याचे त्याने. मागचे, आमच्या जन्माआधीचे अंक शोधायचे तेही याच नियमाने. मला हातगाडीवर विषम अंक दिसला तर मी तो त्याच्यासाठी उचलायचो. त्याने माझ्यासाठी कितीतरी उचलले.

या छंदात काय सुख होतं ते ज्याला नाही त्याला समजावणं कठीण आहे. जुन्या छपाईच्या कागदाला एक आंबूस वास येतो, ओल्या गवतासारखा. सुखदेव डोळे मिटून, नुसत्या वासावरून अंक पावसात भिजलेला आहे की नाही ते सांगायचा. गंजलेल्या टाचण्या तो नखाने हलकेच काढायचा आणि मिलमधून आणलेल्या सुताने पानं पुन्हा शिवायचा. एवढे बारीक टाके की माझी आई तसे घालू शकली नसती. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा पिवळ्या रेनकोटातली एक बाई असायची, हातात पिस्तूल, मागे रेल्वेचं इंजिन. आतल्या गोष्टीत ना ती बाई, ना रेल्वे. सुखदेवचं म्हणणं होतं, "बाई बिचारी दर महिन्याला चुकीच्या पत्त्यावर येते." गोष्टीतला जासूस डाव्या पायाने लंगडायचा, आणि चित्रकाराच्या विसरभोळेपणामुळे कधी कधी उजव्या. असे लंगडे अंक आम्ही वेगळे काढून ठेवले होते. ते हाती आले की दोन मोठी माणसं रस्त्यात उभी राहून पोटभर हसायची.

आता जे लिहायचं ते इतकं सोपं नाही. आम्ही ब्राह्मण, संस्थानच्या काळापासून दफ्तरात काम करणाऱ्यांच्या घरातले. सुखदेव बौद्ध, त्याचे वडील महूच्या छावणीत फौजेत होते. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे, आणि ते लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी मिलच्या चाळीत त्याच्या खोलीवर जायचो, तेव्हा त्याची बायको शांता चहा करायची आणि मी आत चुलीजवळच्या पाटावर बसून तो प्यायचो. सुखदेव रामबागेतल्या आमच्या घरी यायचा तेव्हा ओट्यावर बसायचा. कुणी त्याला 'आत येऊ नकोस' म्हटलं नव्हतं. 'आत ये' असंही कुणी म्हटलं नव्हतं. आईचं वळण जुनं होतं, हे खरं. पण मी तिच्यावर सगळं ढकलणार नाही. घर माझ्या पगारावर चालत होतं, आणि वीस वर्षांत 'आत ये' हे दोन शब्द मलाही सुचले नाहीत.

मग इंदूरच्या कापड गिरण्या बंद पडण्याचा काळ आला. एकेक करून, थांबत, कचरत. आज चालू, उद्या अर्धी पाळी, परवा फाटकाला कुलूप. सकाळचा भोंगा वाजेनासा झाला आणि आमच्यासारख्या कचेरीतल्या लोकांचीही घड्याळं लावायची पंचाईत झाली, एवढंच तेव्हा आम्हाला जाणवलं. बाजारात नवनव्या वस्तू येत होत्या, घरांवर केबलच्या तारा चढत होत्या, आणि चाळीतले पुरुष भर दुपारी दारात बसलेले दिसू लागले. एरवी ती मिलमध्ये असायची वेळ.

सुखदेव बसून राहणारा नव्हता. उन्हाळ्याची सुट्टी लागायला आठवडा असताना तो आमच्या ओट्यावर आला. चेहरा उजळलेला.

"दत्ता, आयडिया आलीय. वाचनालय काढतो. चाळीच्या तोंडाशी दोरी बांधायची, अंक टांगायचे, बसून वाचायचं भाडं. सुट्टीत पोरं येतील, आणि हे आमचे रिकामे लोक तर आहेतच. दिवस काढायला त्यांना काहीतरी पाहिजे ना."

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"पण माझ्याकडे सगळे पहिले भाग. दुसरे तुझ्याकडे. दोन महिने दे मला. नीट ठेवीन, तुला माहीतच आहे. जून लागला की जसेच्या तसे परत."

मला माहीत होतं. त्याच्याइतका अंक जपणारा माणूस मी पाहिला नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या क्षणी जे आलं ते असं: शेवेचे तेलकट अंगठे, थुंकी लावून उलटलेली पानं, दोरीवर उन्हात वाळणारी माझी मुखपृष्ठं. आणि आज खरं सांगायचं तर त्या अंगठ्यांना मी मनात एक वस्तीही दिली होती. हेच अंक आमच्या गल्लीतल्या मुलांनी मागितले असते तर मी कुरकुरत दिले असते.

मी म्हणालो, "अरे, तुला सांगणारच होतो. वाळवी लागली. सगळे गेले."

त्याचा चेहरा कसा उतरला ते मी विसरू शकत नाही. मला वाटलं होतं, तो स्वतःच्या वाचनालयासाठी हळहळेल. तो म्हणाला, "सगळे? आणि ते लंगडे? तू मला बोलला पण नाहीस?" आणि पटकन उठला. "एवढे सगळे एकदम नाही जात रे. आतले वाचतात. कपाट बाहेर काढू, घासलेट मारू, ऊन दाखवू. चल, दोघं मिळून करू." बोलता बोलता त्याचा एक पाय उंबऱ्यावर पडला.

मी दारात आडवा झालो. "आई झोपली आहे," म्हणालो.

त्याने पाय मागे घेतला. ताबडतोब, भाजल्यासारखा. "हां हां. राहू दे, राहू दे." त्याला वाटलं, कारण नेहमीचंच आहे. आपण भान विसरून पुढे आलो, असं त्याला वाटलं, आणि तोच ओशाळला. माझं खोटं त्या दिवशी उघडं पडलं नाही, ते या उंबऱ्यामुळे. वीस वर्षांत ज्याने माझी खोली पाहिली नव्हती, तो कपाट बघायला येणार कसा? ज्या गोष्टीची मला लाज वाटायला हवी होती, तिच्या आड मी लपलो.

वाचनालय उघडलं. दोन खांबांना सुतळी, तिच्यावर मधोमध उघडून टांगलेले अंक, वर गोणपाटाची सावली, तिच्यावर मधून मधून पाण्याचा शिडकावा. पहिले आठ-दहा दिवस झकास गेले. पोरं ओळीत उकिडवी बसायची. मिलमध्ये माग चालवलेले, हातावर भाजल्याचे डाग असलेले पुरुष एकेक शब्दावर बोट ठेवून वाचायचे. आणि मग पहिल्या भागांचा खरा स्वभाव बाहेर आला. प्रत्येक गोष्ट दार उघडता उघडता थांबायची.

"चाचा, दूसरा भाग किधर है?"

"चाचाने किराया पूरा लिया, और पिक्चर इंटरवल तक दिखाई!"

मग सुखदेवने तोड काढली. तो दुसरे भाग तोंडी सांगू लागला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला, ऊन उतरलं की लोक गोळा व्हायचे, आणि आमच्या वीस वर्षांच्या वाचनातून जे आठवेल ते तो सांगायचा. हातवारे करून, आवाज बदलून, जासूसासारखा लंगडून. मी कचेरीतून परतताना एकदा मुद्दाम त्या वाटेने गेलो आणि मागे उभा राहिलो. का गेलो, मला माहीत नाही. कदाचित आपण फार मोठं नुकसान केलेलं नाही, हे पाहायला.

गोष्ट दवाखान्यातल्या खुनाची होती. सुखदेव रंगात आला होता. शेवटाला तो म्हणाला, "आणि पडदा बाजूला केला, तर मागे कोण? कंपाउंडर!"

खुनी डॉक्टर होता. मला पक्कं आठवत होतं. तो अंक तिथून पंधरा मिनिटांच्या अंतरावर, माझ्या कपाटात, कडुनिंबाच्या पानांत ठेवलेला होता.

पुढे बसलेल्या एका फिटरने उठून शंका काढली. "कंपाउंडर तो उस दिन छुट्टी पे था ना, सुखदेवभाई?" लोक हसले. सुखदेव जरा गोंधळला, आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

"या साहेबांना विचारा. दुसरे भाग यांच्याकडे होते. बिचाऱ्यांचे वाळवीने खाल्ले. सांगा भिया, कंपाउंडरच ना?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "हो. कंपाउंडरच."

"साहब बोल रहे हैं तो पक्का है," फिटर म्हणाला आणि खाली बसला. सुखदेवने माझ्याकडे पाहून हात जोडले, गमतीने, पण जोडले. मी सायकल वळवली.

त्यानंतर वाचनालय फार दिवस चाललं नाही. अर्ध्या गोष्टींना कुणी किती दिवस पैसे द्यायचे, आणि तोंडी गोष्ट तर सगळे फुकटच ऐकायचे. समोरच्या घरात रंगीत टीव्ही आला आणि पोरं तिकडे सरकली. जून लागायच्या आधीच दोरी उतरली. सगळं माझ्यामुळे बुडालं असं म्हणणं म्हणजे स्वतःला उगाच मोठं करणं होईल. कदाचित दुसरे भाग असते तरी ते एका उन्हाळ्यापुरतंच चाललं असतं. पण तो एक उन्हाळा त्याला पुरा मिळाला असता.

सुखदेवने इंदूर सोडलं. महूला भावाने त्याला चौकीदारी मिळवून दिली. जायच्या आदल्या सकाळी तो हातगाडीवर वडिलांची फौजी ट्रंक घालून आला आणि ओट्यावर ठेवली. आत त्याचे सगळे विषम अंक.

"तिकडे एक खोली, आम्ही पाच माणसं. जागा नाही. तुझे तर गेलेच. हे तरी तुझ्याकडे राहू दे, अर्धं तरी राहील. ट्रंक लोखंडाची आहे, वाळवीची भीती नाही."

मी 'नको' म्हणालो नाही. त्याला पन्हं दिलं. ओट्यावर.

आणि यापुढचं सगळ्यांत अवघड आहे. तो गेल्यावर मी ट्रंक आत ओढली, खोलीचं दार लावलं आणि अंक क्रमाने लावायला बसलो. त्याचा एक, माझा एक, त्याचा एक, माझा एक. त्याचे टाके, माझे टाके. दुपार टळून गेली तरी मी जेवायला उठलो नाही. शेवटचा अंक जागेवर गेला आणि मी मागे सरून ती रांग पाहिली. मला आनंद झाला होता. थोडाथोडका नाही, अंगावर काटा येण्याइतका. पश्चात्ताप पुढे कधीतरी आला, सावकाश, वय झाल्यावर. त्या दिवशी तो आसपासही नव्हता.

पुढच्या वर्षांत आम्ही तीन-चारदा भेटलो असू, लग्नकार्यात. प्रत्येक वेळी तो विचारायचा, "सांभाळलेस ना?" मी म्हणायचो, "सांभाळले." शांता गेल्याचं मला महिन्याने कळलं. मी पत्र पाठवलं, गेलो नाही.

तन्वीला मी फोन केला आणि कार्ड थांबवायला सांगितलं. "काका, प्रदर्शन शनिवारी आहे!" ती म्हणाली. मी म्हटलं, शनिवारच्या आत कळवतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने महूला गेलो.

सुखदेव घरासमोरच्या सावलीत खाटेवर बसला होता. मला पाहून तोंडभर हसला. सुनेने खुर्ची आणली. मी वाटेत जुळवलेली वाक्यं बोलायला लागलो, तर त्याने हात कानामागे धरला.

"मोठ्याने बोल. हा कान मिलने खाल्ला, दुसरा म्हातारपणाने."

इतकी वर्षं जे मी पुटपुटलोसुद्धा नव्हतो, ते मला गल्लीभर ओरडून सांगावं लागलं.

"वाळवी लागली नव्हती!"

"कुठे?"

"माझ्या अंकांना! त्या उन्हाळ्यात! मी खोटं बोललो! सगळे अंक होते!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. शेजारच्या ओट्यावर पेपर वाचणाऱ्या माणसाने पेपर खाली केला. सुखदेव माझ्याकडे पाहत राहिला. "परत बोल," तो म्हणाला. मला वाटतं त्याला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. मी परत बोललो.

"मी कंपाउंडर म्हणालो, तेव्हापण होता तो अंक?"

"हो."

"मग खुनी कोण?"

"डॉक्टर."

त्याने मान डोलावली. "डॉक्टरच असणार. कंपाउंडरला एवढी अक्कल कुठली." सून दारात होती, तिला हसू आलं. मलाही आलं. मला वाटलं, झालं, एवढंच होतं, उगाच इतकी वर्षं वागवलं. तेवढ्यात त्याने विचारलं, "आणि दारात आडवा उभा राहिलास ते? आई झोपलीय म्हणालास ते?"

त्याला उत्तर नको होतं.

"शांता मला म्हणायची, वीस वर्षं झाली, अजून ओट्यावरच? कसला दोस्त तुमचा? मी तिला म्हणायचो, दत्ताचं काही नाही गं, म्हातारीचं आहे. दत्ता तसा नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी भांडलो तिच्याशी, तुझी बाजू घेऊन. चार दिवस बोललो नाही. ती बरोबर होती. मी तिला तसं कधी म्हणालोच नाही. ती तशीच गेली."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी दोन महिन्यांच्या वाचनालयाची कबुली घेऊन आलो होतो.

"सुखदेव, मला माफ..."

"ते राहू दे आता." आवाज चढला नव्हता. "मला अजून राग पण नाही आला नीट. तीस वर्षं उशीर झालाय, जरा वेळ लागेल. चहाबरोबर नाही होत हे. तू आज जा." मग सुनेकडे वळून, "त्याला चहा दे. पिऊन जाऊ दे." आणि तो रस्त्याकडे तोंड करून बसला.

मी तो चहा प्यालो. तिने मला आत बोलावून दिला, पंख्याखाली.

प्रदर्शनात अंक ठेवले नाहीत. तन्वी जरा हिरमुसली. तिला मी एवढंच सांगितलं की अर्धे अंक ज्याचे आहेत त्याला विचारायचं राहिलं आहे, आणि माझ्या जुन्या लेखाची दुरुस्ती म्हणून पुढच्या स्मरणिकेत हा लेख छापावा. मंडळाला तो अवघड वाटेल. वाटू दे.

आठ दिवसांनी मी महूला फोन लावला. सुनेने उचलला. तिने मागे वळून काहीतरी विचारलं, मोठ्याने, दोनदा. मग जरा संकोचून म्हणाली, "काका, बाबा म्हणताहेत, अजून रागावून झालं नाही."

मी म्हटलं, "बरं. सावकाश होऊ दे म्हणावं." आणि फोन ठेवला.